चढती भाजणी

जगात आपोआप जे काही घडते ते उतरत्या भाजणीने घडते, अशी माझी समजूत आहे. आणि संसाराच्या अनुभवाने ती दिवसेंदिवस पक्कीच होत चालली आहे. पगाराच्या कागदावर जो आकडा असतो तो कधी जसाच्या तसा घरी येत नाही. वाटेत प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी, पतपेढीचा हप्ता असे मानकरी आपापला मान घेतात आणि उरलेला प्रसाद आमच्या हाती पडतो. वर्गात मी एका ओवीवर पन्नास मिनिटे बोलतो. विद्यार्थ्यांच्या वहीत त्यातली दीड ओळ उतरते. आणि उत्तरपत्रिकेत त्या दीड ओळीतली अर्धीच, तीही ऱ्हस्वदीर्घाशी काडीमोड घेऊन, प्रकट होते. कोकणातून निघालेली आंब्याची पेटी मुंबईच्या बिऱ्हाडी पोचेपर्यंत किती हलकी होते, हे तर मी सांगायलाच नको.

तेव्हा उजेडालाही हाच न्याय लागू आहे, असे नानांनी मला सांगितले त्या वेळी मला काही नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढचे ऐकून. या न्यायाला एक अपवाद आहे, असे ते म्हणाले.

नाना म्हणजे आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. माझ्याहून वयाने दहाएक वर्षांनी वडील, आता निवृत्तीला टेकलेले. मला ते ‘मास्तर’ म्हणतात. मराठी शिकवणाऱ्याला प्राध्यापक म्हणणे त्यांच्या जिवावर येते की काय कोण जाणे! पण मधल्या सुट्टीच्या चहाबरोबर त्यांनी मला आजवर जेवढे विज्ञान पाजले आहे तेवढे शाळेच्या साऱ्या मास्तरांनी मिळून पाजले नव्हते.

न्याय असा आहे. १८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी लोलकातून ऊन नेऊन त्याचा सप्तरंगी पट्टा पाडला आणि कोयनेलच्या पाण्याने भरलेली काचेची नळी त्या पट्ट्यातून तांबड्याकडून जांभळ्याकडे हळूहळू सरकवत नेली. तांबड्यात काही नाही, हिरव्यात काही नाही. जांभळा संपला, त्याच्यापलीकडे डोळ्यांना नुसता काळोख. आणि त्या काळोखात शिरताच नळी निळ्या तेजाने उजळली! जो प्रकाश माणसाला दिसतच नाही तो कोयनेलने गिळला होता आणि दिसण्याजोगा करून परत दिला होता. फ्लोरस्पार नावाचे एक खनिजही असेच उजळते. त्यावरून स्टोक्सने या प्रकाराला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव ठेवले. मराठीत कोणी त्याला प्रतिदीप्ती म्हणतात, कोणी अनुस्फुरण. स्टोक्सने नियम सांगितला तो असा, की परत येणारा प्रकाश हा गिळलेल्या प्रकाशापेक्षा नेहमी तांबड्याच्या बाजूला सरकलेला असतो. आता जांभळ्या प्रकाशाचा कण शक्तीने मोठा आणि तांबड्याचा लहान. म्हणजे शंभराची नोट घ्यायची आणि ऐंशी रुपये परत करायचे. मधले वीस उष्णतेच्या खाती जमा. आमच्या पतपेढीचे चिटणीस जन्माला येण्यापूर्वीच हा हिशेब निसर्गाने बसवून ठेवला होता.

अपवादाची गोष्ट सांगण्यापूर्वी मला स्वीडनमधल्या एका खेड्यात जाऊन आले पाहिजे. स्टॉकहोमजवळच्या बेटांवर इटर्बी नावाचे गाव आहे. तिथे एक खाण होती. चिनी मातीच्या भांड्यांना लागणारा दगड तिच्यातून काढीत. १७८७ साली आर्‍हेनिअस नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याला तिथे एक जड, काळा धोंडा सापडला. पुढल्या शंभर वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी अशा दगडांचा कीस काढून काढून त्यांतून नव्या नव्या मूलद्रव्यांची एक मालिकाच बाहेर काढली. त्यांतल्या चौघांची नावे या एका गावावरून पडली आहेत: इट्रियम, इटर्बियम, टर्बियम आणि एर्बियम. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव करण्याची चाल आहे. त्या न्यायाने हे चौघेही इटर्बीकर! एका खेड्याच्या नावाची चार शकले करून चार भावांना वाटून द्यावीत, तसा हा प्रकार. व्युत्पत्ती शिकवणाऱ्या माणसाला याहून रसाळ उदाहरण मिळायचे नाही. दुर्दैवाने ते अभ्यासक्रमात बसत नाही.

या चार भावांपैकी दोघे मिळून स्टोक्ससाहेबांचा नियम उलटा करतात. १९६६ साली फ्रान्समध्ये फ्रांस्वा ओझेल यांना, आणि स्वतंत्रपणे रशियात ओव्हस्यान्किन व फेओफिलोव्ह यांना, हे उमगले. इटर्बियमच्या अणूवर तांबड्याच्याही अलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पाडला, की तो त्याचा एक कण गिळतो. पण स्वतः काही न करता शेजारच्या एर्बियमला ती शक्ती देऊन टाकतो. एर्बियम तेवढ्याने एक मजला चढतो आणि मधल्या चौकात जरा टेकतो. ही टेकायची जागा फार महत्त्वाची. साध्या रंगद्रव्याचा रेणू वर चढला, की सेकंदाच्या काही अब्जांशांत खाली येतो. एर्बियम मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने तिथे थांबू शकतो. अणूंच्या जगात हा म्हणजे चातुर्मासाचा मुक्काम झाला. तेवढ्यात इटर्बियम दुसरा कण आणून देतो. एर्बियम आणखी एक मजला चढतो आणि मग तिथून एकदम खाली उडी घेतो. त्या उडीतून जो प्रकाश निघतो तो हिरवा.

दोन न दिसणाऱ्या कणांचा एक दिसणारा कण. चढती भाजणी ती हीच. शास्त्रज्ञ तिला ‘अपकन्व्हर्शन’ म्हणतात.

‘म्हणजे दस्तुरी नाहीच?’ मी आशेने विचारले.

‘आहे ना,’ नाना म्हणाले. ‘दहाच्या दोन नोटा घेतो आणि अठरा रुपये देतो. फक्त सुटे न देता बंदी नोट देतो, एवढेच.’

निसर्ग अपवाद करतो तोही कारकुनाला विचारून करतो, हे त्यावरून माझ्या ध्यानात आले.

हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. नानांनी एका परिचितांच्या प्रयोगशाळेत मला नेले होते. दोघांनाही जाडजूड चष्मे घालायला लावले, कारण तो न दिसणारा किरण डोळ्यांत गेला तर पापणी मिटायचीही सूचना मिळत नाही. काचेच्या बशीत चिमूटभर पांढरी पूड होती. रांगोळी म्हणून खपली असती. तिच्यातला मुख्य भाग सोडियम आणि इट्रियम यांच्या फ्लोराइडचा. त्यात इटर्बियम बऱ्यापैकी आणि एर्बियम नुसते विरजणापुरते. दिवे मालवले. ९८० नॅनोमीटर लांबीच्या लाटांचा किरण सुरू झाल्याचे नानांनी सांगितले म्हणून कळले. आणि पुडीत एक पोपटी ठिपका उगवला. किरण कुठून येतो ते दिसत नाही, कुठून जातो ते दिसत नाही. नुसता बशीत हिरवा ठिपका. मी बोट दाखवायला हात पुढे केला, तर नानांनी तो मागे ओढला.

बाहेर आल्यावर मी मराठीच्या माणसाने विचारावा तोच प्रश्न विचारला: याचा उपयोग काय? नाना म्हणाले, ‘याचा उजेड फार थोडा, हाच याचा पहिला दोष. शंभर कण घातले तर चांगल्या पुडीतूनही दोनचार निघतात, आणि पूड अगदी बारीक केली तर तेवढेही नाहीत. उपयोग आहे तो याच्या शेजाऱ्यांमुळे.’

शेजाऱ्यांची हकिगत अशी. एखाद्या वस्तूचा कणभर अंश कशात आहे की नाही हे शोधायचे, तर तिला चमकणारा रंग जोडून द्यायचा आणि वर जंबुपार दिवा धरायचा, ही जुनी युक्ती. पण त्या दिव्याखाली चमकत काय नाही? कपडे धुण्याच्या पुडीतले उजळक चमकते, कागद चमकतो, दात आणि नखे चमकतात, रक्तातले पाणीदेखील मंद मंद चमकते. या सगळ्या गलबल्यात आपली एक पणती कशी ओळखावी? लक्ष्मीपूजनाच्या रात्री रस्त्याच्या टोकाला उभे राहून आपल्याच खिडकीतला दिवा शोधून पाहा! अवरक्त प्रकाशाचे मात्र उलटे. त्याने रक्त चमकत नाही, कागद चमकत नाही, कपडा चमकत नाही. साऱ्या सृष्टीला तो प्रकाश मिळूनही तिच्यातून हिरवा किरण म्हणून उठत नाही. उठतो तो फक्त इटर्बीकरांच्या कणातून. तेव्हा तो मिणमिणता असला तरी चालतो. त्याच्याभोवती पूर्ण काळोख आहे. खाडीकाठच्या झाडावरचा काजवा कोसभरावरून दिसतो तो काही त्याच्या तेजामुळे नव्हे.

ही गोष्ट ऐकताना माझे मन एकाएकी भाऊमामांकडे गेले.

भाऊमामा माझ्या आईचे चुलतभाऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात एस.टी.च्या थांब्यापाशी त्यांचे चहाचे हॉटेल होते. चुलीवरचे उकळते आधण ते फडके न घेता उतरवीत. गिऱ्हाइकांना त्याचे मोठे कौतुक. ‘भाऊचा हात लोखंडाचा!’ असे म्हणत, आणि मामाही मिशीत हसत. त्यांच्या कोपराखाली एक फिकट चट्टा होता. जवळच्या एका डॉक्टरने तो नायटा समजून कैक महिने मलम चोळायला लावले. त्या चट्ट्यावर मुंगी चावलेली कळत नाही, हे कोणी त्यांना विचारले नाही आणि त्यांनी कोणाला सांगितले नाही. लोखंडाचा हात ही करामत नसून आजार आहे, हे उमगेपर्यंत उजव्या हाताची दोन बोटे आकडीसारखी वळली होती.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली पाहिला. तेव्हापासून आजतागायत तो प्रयोगशाळेतल्या कोणत्याही बशीत वाढवता आलेला नाही, इतका तो मानी. त्वचेतल्या आणि मज्जातंतूंतल्या थंड जागी तो बसतो आणि अतिशय सावकाश वाढतो. अंगात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. बोटे रोगाने झडतात ही समजूत खरी नाही. संवेदना गेलेला हात भाजतो, कापतो, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. औषध आहे, आणि ते नेमके आहे. १९८० नंतरच्या दशकात तीन औषधांचा एकत्र उपचार आपल्याकडे सुरू झाला आणि मामांना तो मिळाला. त्यातल्या एका गोळीने त्यांचा गोरा वर्ण तांब्याच्या भांड्यासारखा काळवंडला, पण दोन वर्षांत ते निर्जंतुक झाले. बोटे मात्र तशीच राहिली. उपचार जंतूला मारतो. मेलेल्या नसा परत आणीत नाही. सारा प्रश्न आधी कळण्याचा आहे.

आणि आधी कळूनही सांगणार कोण? मामा घरात वेगळे ताट घेऊन बसत ते कोणी बसवले म्हणून नव्हे, स्वतःच बसत. मामी रोज ते ताट उचलून पंगतीत आणून मांडीत. या रोगासाठी माणसाला कोंडून ठेवण्याचा १८९८ सालचा कायदा आपल्याकडे २०१६ साली रद्द झाला. घटस्फोटाचे एक कारण म्हणून हा रोग कायद्यात होता तो २०१९ साली निघाला. म्हणजे औषध आल्यावर कायद्याला जाग यायला तीस-पस्तीस वर्षे लागली. आपल्या देशाने २००५च्या अखेरीस या रोगाचे सार्वजनिक आरोग्यातले प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आणल्याचे जाहीर केले, ते खरेच. पण आजही भारतात वर्षाला लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपलेच.

नानांची पांढरी पूड इथे उपयोगी पडते आहे. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील संशोधकांनी तिच्या कणांची एक चाचणीपट्टी तयार केली. करोनाच्या साथीत आपण सर्वांनी नाकात काडी घालून दोन रेघांची वाट पाहिली आहे. पट्टी त्याच जातीची. फक्त बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त घ्यायचे, आणि रेघ डोळ्यांनी दिसत नाही. अवरक्त किरणाखाली धरली म्हणजे यंत्राला दिसते. कुष्ठरोगाच्या जंतूच्या अंगावर एक स्निग्ध पदार्थ असतो. त्याच्याविरुद्ध आपले रक्त जी प्रतिपिंडे तयार करते ती या पट्टीवर अडकतात आणि त्यांच्यामागून चमकणारे कण येऊन बसतात. किती बसले ते चमकेवरून मोजता येते. नुसते ‘आहे’ किंवा ‘नाही’ नव्हे. शिवाय हे कण फिके पडत नाहीत, त्यामुळे पट्टी जपून ठेवून पुन्हा वाचता येते. बांगलादेशातल्या रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्या माणसांच्या रक्तावर ती तपासून पाहिली गेली आहे.

मी जास्त भारावून जाऊ नये म्हणून नानांनी दोन गोष्टी बजावल्या. ज्यांच्या अंगात जंतू थोडे, त्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडेही थोडी. म्हणून संशोधक आता शरीराच्या प्रतिक्रियेतली आणखी काही प्रथिने एकाच वेळी मोजून पाहतात. आणि पट्टीवर रेघ आली म्हणजे रोग झाला असे नाही. बहुतेक माणसांचे शरीर या जंतूला परस्पर वाटेला लावते. चाचणी अजून संशोधकांच्या हातात आहे, गावच्या दवाखान्यात नाही. पण रुग्णाच्या सहवासातल्या माणसांना रिफाम्पिसिनची एकच मात्रा दिली, तर पहिल्या दोन वर्षांत रोग होण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, असे बांगलादेशातल्याच एका मोठ्या प्रयोगात दिसले आणि आपल्याकडेही ती देतात. मग ती मात्रा कोणाला अधिक निकडीची, हे सांगणारी रेघ मिळाली तर मला ती हवी आहे. फिकट चट्टा उमटण्यापूर्वी उमटणारी रेघ.

याच लोकांची दुसरी पट्टी शिस्टोसोमा नावाच्या कृमीसाठी आहे. गोगलगाईंच्या पाण्यातून हा कृमी माणसाच्या कातडीत शिरतो आणि रक्तवाहिन्यांत घर करतो. आफ्रिकेत कोट्यवधी लोकांना त्याची बाधा आहे. आपल्याकडे तो नाही असेच सगळे धरून चालले होते. पण १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी त्याचे एक ठाणे जाहीर केले, आणि ते कुठे, तर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी! लघवीतून रक्त जाते याची कारणे शोधता शोधता ओढ्यातल्या पाण्यापर्यंत माग लागला. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजण्याच्या जुन्या पद्धतीत कृमी थोडे असले की निसटतात. नवी पट्टी कृमीच्या आतड्यातून रक्तात उतरणारा पदार्थच पकडते, त्यामुळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कृमी असले तरी ते लपू शकत नाहीत.

बाकीचे उपयोग ऐकून मी चकित झालो, पण माझा जीव त्यांत फारसा गुंतला नाही. नोटा आणि पारपत्रे छापणारे अशा शाया वापरतात. जंबुपार दिव्याखाली चमकणारी शाई आता कोणीही आणू शकतो, ही मिळवणे तितके सोपे नाही. चित्रविचित्र नक्षीच्या डब्यावरचा बोटाचा ठसा, जो नेहमीच्या पुडीने नक्षीत हरवून जातो, या पुडीने उठून दिसतो. एर्बियमच्या हिरव्या उजेडात दोन शेजारी छटा असतात आणि उष्णता वाढली की त्यांतल्या वरच्या छटेचे पारडे जड होते. त्यावरून २०१० साली शास्त्रज्ञांनी एकेका जिवंत पेशीच्या आतला ताप मोजला. पेशीला थर्मामीटर लावायचे! २०१९ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी असे कण उंदरांच्या डोळ्यांत सोडले, तर उंदरांना अवरक्त उजेड दिसू लागला. २०२५ साली माणसांसाठी त्याची नेत्रभिंगे झाली. ती लावलेल्या माणसांना अवरक्त दिव्याची उघडझाप दिसली. आणि डोळे मिटून घेतल्यावर ती जास्त चांगली दिसली, कारण अवरक्त किरण पापणीतून आत शिरतो आणि बाहेरचा नेहमीचा उजेड पापणीपाशीच अडतो. तिथेही काळोखच कामाला आला म्हणायचा.

गेल्या महिन्यात नानांनी मला वेगळ्याच कामाला जुंपले. निवृत्तीपूर्वी त्यांना या विषयावर मराठीत एक व्याख्यान द्यायचे आहे, आणि ‘अपकन्व्हर्शन’ला चांगला शब्द हवा आहे. मी ‘ऊर्ध्वरूपांतर’ सुचवला. ‘हा ऐकून पोरे उठून जातील,’ ते म्हणाले. मग मी भीतभीत ‘चढती भाजणी’ पुढे केला.

नानांनी चहाचा पेला खाली ठेवला. ‘अहो मास्तर, भाजणी म्हटले की त्यांना चकली आठवेल.’

‘आठवू दे की,’ मी म्हणालो. ‘व्याख्यान दिवाळीच्या सुमारासच आहे.’

त्यांनी तो शब्द वहीत उतरवून घेतला आणि त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढले.